दोन डोंगर, एक सूर्य आणि चित्रकार बेंद्रे

(रौप्यमहोत्सवी वर्षात मुलांच्या चित्रकला स्पर्धेच्या बक्षीस समारंभात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडं नीटनेटकं केलं आहे. मधे दोनदा माईक बंद पडला, तेवढा भाग वगळला.)



परीक्षक म्हणून बोलावताना सेक्रेटरी म्हणाले होते, "सर, पाच मिनिटं बोला, मग लगेच बक्षिसं." ड्रॉइंगच्या मास्तराच्या हातात माईक दिला की पाचाची वीस मिनिटं होतात हे त्यांना ठाऊक नसावं. समोसे गार होतील, त्याबद्दल आधीच माफी मागून ठेवतो.

स्पर्धेचा विषय होता निसर्गचित्र. चाळीसेक चित्रं आली. काल रात्री जेवणं झाल्यावर मी ती सगळी हॉलमध्ये जमिनीवर मांडली. आमची ही बघून म्हणाली, "अहो, एकाच मुलाने काढलीत का सगळी?" तिचं काही चुकलं नव्हतं. मागे दोन त्रिकोणी डोंगर. त्यांच्या बेचक्यात अर्धा सूर्य, त्याला काड्यांसारखे किरण. डोंगरातून निघून पुढे रुंद होत येणारी निळी नदी. डाव्या अंगाला लाल कौलांची झोपडी, उजवीकडे वाकडा माड, आणि आकाशात पेपर तपासताना आम्ही करतो तशा टिकमार्कचे चार पक्षी.

आता मला सांगा, आपल्या गच्चीवरून काय दिसतं? डोंगर दिसतो, पण एकच, आणि तोही अर्धा खाणवाल्यांनी खाल्लेला. त्याच्या आधी काळ्या सिंटेक्सच्या टाक्या, रेल्वेची लाइन, ट्रान्सफॉर्मर, आणि गेटजवळचा आपला गुलमोहर. कौलारू झोपडीत या मुलांपैकी कुणीही राहत नाही. मग हे चित्र त्यांना शिकवलं कुणी?

मी शिकवलं. म्हणजे माझ्यासारख्यांनी. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. पन्नास-साठ मुलांचा वर्ग, पस्तीस मिनिटांचा तास, त्यातली दहा हजेरीत आणि गोंगाट थांबवण्यात जायची. मी रंगीत खडू घेऊन फळ्यावर दोन डोंगर काढायचो आणि सांगायचो, "चला, उतरवा." मुलं गप्प बसून उतरवायची. हेडसर खिडकीतून बघून खूश व्हायचे. ती मुलं आता आई-बाबा झाली आणि त्यांनी तेच डोंगर आपल्या मुलांना दिले. दागिन्यांसारखे पिढीजात डोंगर!

म्हणून आज मला एका माणसाबद्दल बोलायचं आहे. त्यांचं नाव ना. श्री. बेंद्रे. नारायण श्रीधर बेंद्रे. बेंद्रे म्हटलं की काहींना कन्नड कवी द. रा. बेंद्रे आठवतील, ते वेगळे. हे चित्रकार, आणि तेही मुळात निसर्गचित्रकार. मी त्यांना कधी भेटलेलो नाही. त्यांची चित्रं पाहिली, त्यांच्याबद्दल वाचलं, आणि निवृत्त झाल्यावर त्यांचा विचार जास्त करायला लागलो.

बेंद्रे जन्मले २१ ऑगस्ट १९१० रोजी, इंदूरला. म्हणजे होळकरांच्या इंदूरमधला मराठी माणूस. तिथे १९२७ साली एक कलाशाळा सुरू झाली. ती सुरू करणारे मास्तर दत्तात्रय दामोदर देवळालीकर. नाव फार कुणाला माहीत नाही, पण त्यांच्या हाताखालून गेलेली मंडळी बघा: बेंद्रे, डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर आणि मकबूल फिदा हुसेन. एका संस्थानातल्या एका मास्तराचे हे विद्यार्थी.

देवळालीकरांनी मुलांना खोलीबाहेर काढलं. रंगाची पेटी घ्या, फळी घ्या, बाहेर चला, समोर दिसतं ते रंगवा. ऐकायला सोपं वाटतं, पण त्यात काय काय येतं ते सांगतो, कारण रविवारी आपल्याला तेच करायचं आहे.

बाहेर बसलात की पहिली अडचण सूर्याची. तो थांबत नाही. सकाळी सातला झाडाची सावली एका बाजूला लांब पसरलेली असते, नऊ वाजेपर्यंत ती आखडते आणि तिचा रंगही बदलतो. म्हणजे तुमच्याकडे फार तर दीड-दोन तास. एवढ्या वेळात पान न पान काढत बसता येत नाही. डोळे अर्धवट मिटायचे, मग बारीकसारीक गोष्टी गळून पडतात आणि मोठे उजेडाचे नि अंधाराचे तुकडे उरतात. आधी ते तुकडे मांडायचे. दुसरी अडचण रंगाची. झाड हिरवं असतं हे आपल्याला बालवाडीपासून माहीत असतं, आणि तिथेच घोटाळा होतो. समोरचं झाड बघितलं तर उन्हाच्या बाजूला पिवळं, आत निळसर, आणि धुळीच्या रस्त्याकाठी असेल तर चक्क राखाडी दिसतं. सावली काळी नसते. तिच्यात जांभळा असतो, निळा असतो, जवळच्या भिंतीचा रंगही उतरलेला असतो. डोक्यातलं झाड बाजूला ठेवून डोळ्यांपुढचं झाड बघणं फार अवघड. मोठ्यांना तर लहानांपेक्षा जास्त अवघड.

युरोपात इम्प्रेशनिस्ट चित्रकारांनी हे केलं होतं. इंदूरच्या पोरांनी ते माळव्याच्या उन्हात केलं. बेंद्र्यांनी इंदूरचे रस्ते, देवळं, नर्मदाकाठचं ओंकारेश्वर रंगवलं. बरोबरीने बी.ए.ही केलं (इथल्या पालकांना हे ऐकून बरं वाटेल!) आणि मुंबईची सरकारी कलापदविकाही बाहेरून परीक्षा देऊन मिळवली.

आता मला आवडणारी गोष्ट. ती हुसेन यांनी स्वतः पुढे अनेकदा सांगितलेली आहे. हुसेन तेव्हा शाळकरी वयातून नुकतेच बाहेर पडत होते. वडील इंदूरच्या कापड गिरणीत हिशेबाच्या कामाला. मुलगा हातात रंग घेऊन रस्त्यावर हिंडतो, याचं पुढे काय होणार, ही चिंता कुठल्या बापाला नसते? एकदा हुसेन बाहेर चित्र काढत होते, तिथे तिवई लावून बेंद्रेही रंगवत होते. बेंद्र्यांनी या पोराचं चित्र पाहिलं. ते थक्क झाले. आणि मग ते हुसेन यांच्या घरी गेले, वडिलांना भेटले आणि सांगितलं की तुमच्या मुलाला चित्रकलाच करू द्या. वडील तयार झाले.

लक्षात घ्या, बेंद्रे तेव्हा कुणाचे मास्तर नव्हते. पंचविशीच्या आतले होते. स्वतःचंच अजून कशात काही नव्हतं. ना फी, ना नोकरी, ना शाळेच्या निकालाची काळजी. तरी एक तरुण दुसऱ्याच्या दारात जाऊन उभा राहिला. पुढे हुसेन कुठे पोहोचले ते आपल्याला माहीत आहे. त्यांच्याबद्दल तुमची मतं काहीही असोत, पण त्या दारावर कुणी गेलं नसतं तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही. का जात नाही ते शेवटी सांगतो.

पुढचं थोडं भराभर सांगतो. १९३६ च्या सुमारास बेंद्रे श्रीनगरला, तिथल्या व्हिजिटर्स ब्यूरोत, म्हणजे पर्यटन खात्यासारख्या कचेरीत चित्रकार म्हणून काम करत होते. काश्मीर आणि निसर्गचित्रकार! गोड वाटतं, पण त्यात धोकाही असतो. पर्यटकांना सरोवर, शिकारा आणि मागे बर्फ एवढंच हवं असतं. तेही एका अर्थाने आपले दोन डोंगर आणि सूर्यच, फक्त महागातले. बेंद्रे त्यात अडकले नाहीत. नंतर मद्रासला सिनेमाचं कलादिग्दर्शन केलं. १९४१ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. त्या काळात चित्रकारासाठी हा मोठा मान होता. १९४५ मध्ये शांतिनिकेतनला राहिले, तिथे नंदलाल बोस, रामकिंकर बैज यांचं काम जवळून पाहिलं. सुवर्णपदक मिळवून बसलेला हा माणूस सदतिसाव्या वर्षी, १९४७ साली अमेरिकेला गेला आणि न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये विद्यार्थी म्हणून पुन्हा बाकावर बसला. आपण चाळिशी जवळ आली की मुलाला गणित शिकवतानासुद्धा "आमच्या वेळी असं नव्हतं" म्हणून सुटका करून घेतो.

आणि मग बडोदा. महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ साली स्थापन झालं, कुलगुरू होत्या हंसाबेन मेहता. विद्यापीठात इंजिनिअरिंग, विज्ञान असतं तशी चित्रकलेची, शिल्पकलेची स्वतंत्र शाखा काढायची, मुलांना पदवी द्यायची, असं त्यांनी ठरवलं. तोवर आपल्याकडे चित्रकलेला डिप्लोमा असायचा. १९५० मध्ये ती शाखा सुरू झाली. शिल्पकला शंखो चौधरींकडे, आणि चित्रकला विभागाचे प्रमुख म्हणून आले बेंद्रे. तिथे त्यांनी सोळा वर्षं काढली. १९५९ पासून ते शाखेचे डीन होते.

माझा मुद्दा खरा इथे आहे.

बेंद्र्यांचा हात कसा होता? जाणकार सांगतात की ते विद्यार्थ्यांसमोर उभं राहून चित्र करून दाखवत, आणि बघणारा बघत राही. असा हात असलेल्या गुरूचं काय होतं ते मी आमच्या क्षेत्रात खूप पाहिलंय. त्याचे विद्यार्थी त्याच्यासारखंच काढायला लागतात. त्याचे निळे, त्याच्या सावल्या, त्याची सहीसुद्धा! गुरूलाही ते आवडतं. मग एका प्रदर्शनात एकाच माणसाची पंचवीस चित्रं लागतात, खाली नावं फक्त वेगळी.

आता बडोद्यातून त्या वर्षांत बाहेर पडलेले लोक बघा. शांती दवे: प्रचंड भित्तिचित्रं, पुराण्या लिपीसारखे उमटलेले आकार. ज्योती भट्ट: आधी चित्रं, मग छापचित्रं, आणि पुढे कॅमेरा घेऊन खेडोपाडी भिंतीवरची चित्रं, रांगोळ्या, गोंदणं टिपत हिंडणारा माणूस. काश्मीरहून आलेले गुलाम रसूल संतोष, ते तंत्राच्या भूमितीत गेले. हकू शाह लोककलेत रमले. हिम्मत शाह मातीची आणि धातूची मस्तकं घडवणारे शिल्पकार झाले. गुलाममोहम्मद शेख जुन्या लघुचित्रांशी आणि नकाशांशी बोलणारी गोष्टींची चित्रं काढतात. यातल्या एकाचंही काम बेंद्र्यांच्या कामासारखं दिसत नाही, आणि एकाचं दुसऱ्यासारखंही दिसत नाही. १९५६ साली या मंडळींनी 'बडोदा ग्रुप' करून प्रदर्शनं भरवायला सुरुवात केली, तेव्हा बेंद्रे त्यांच्या बरोबरीने त्यात होते. गुरू आणि चेले एकाच भिंतीवर.

हे आपोआप होत नाही. त्याची किंमत मास्तराला द्यावी लागते. बेंद्र्यांनी ती दिली असं मला वाटतं. बडोद्यात असताना त्यांनी स्वतःची हुकमी निसर्गचित्रं जवळजवळ बाजूला ठेवली. घनवाद करून पाहिला. १९५५ साली ज्या 'थॉर्न' या चित्राला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्यात तो दिसतो. मग अमूर्त चित्रं केली. आज हे, उद्या ते. त्यांच्यावर टीका झाली की बेंद्र्यांना स्वतःची अशी शैली नाही, ते नुसते प्रयोग करत राहतात. आजही काही जाणकार असं म्हणतात आणि मी त्यांना अगदीच चूक म्हणणार नाही. हुसेनचं चित्र लांबून ओळखू येतं, तसं बेंद्र्यांचं दर वेळी येत नाही.

पण मी शिक्षकाच्या बाजूने बघतो. वर्गात तीस मुलं आहेत, प्रत्येकाची नजर वेगळी. एखाद्याला भूमितीत रस आहे, एखाद्याला गावच्या जत्रेत, एखाद्याला नुसत्या रंगात. मास्तराने एकच वाट चालून पाहिली असेल तर तो बाकीच्यांना काय सांगणार? बेंद्रे सगळ्या वाटांवर थोडं थोडं चालून आले होते, म्हणून कुठल्याही मुलाला "पुढे जा, तिकडे असं असं आहे" म्हणू शकत होते. त्यांची शैली विद्यार्थ्यांत वाटली गेली म्हणा हवं तर. हे माझं मत आहे. पटलं नाही तर समोसे खाताना भांडू.

१९६६ साली त्यांनी बडोदा सोडलं आणि मुंबईला आले. त्यानंतर पंचवीसेक वर्षं त्यांनी मनसोक्त रंगवलं. गावाकडच्या बायका, गुरं, बाजार, आणि पुन्हा निसर्ग. पण आता तो निराळा होता. ठिपक्या-ठिपक्यांनी बांधलेला. युरोपात जॉर्ज सरा नावाच्या चित्रकाराने ही रीत रूढ केली होती: रंग पॅलेटवर मिसळायचे नाहीत, शेजारी शेजारी ठेवायचे, ते बघणाऱ्याच्या डोळ्यात मिसळतात. आपल्या छापील कॅलेंडरवर भिंग धरलंत तर असेच ठिपके दिसतील. बेंद्र्यांच्या त्या चित्रांसमोर जवळ उभं राहिलं की नुसते ठिपके दिसतात, चार पावलं मागे आलं की ऊन पडतं. पद्मश्री १९६९ मध्ये मिळाली. पद्मभूषण १९९२ मध्ये, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत ते गेले.

आता शेवटचं. मघाशी म्हटलं होतं सांगतो.

खूप वर्षांपूर्वी माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. निसर्गचित्राच्या तासाला त्याने माझे डोंगर उतरवले नाहीत. त्याने त्याच्या चाळीच्या मागचा नाला काढला. वर पूल, पुलावर वाळत घातलेली घोंगडी, आणि ढगाळ आकाश. सूर्य नव्हताच. सगळं चित्र राखाडी आणि मातकट तपकिरी. मी दहापैकी चार मार्क दिले आणि लाल पेनाने शेरा लिहिला, 'रंग मळकट. स्वच्छता हवी.' आज मी डोळे मिटले की ते चित्र मला दिसतं. त्या राखाडीत चार-पाच प्रकारचे राखाडी होते. देवळालीकर असते तर त्यांनी त्या पोराला खांद्यावर घेतलं असतं.

पुढच्या वर्षी तोच मुलगा शाळा सुटल्यावर थांबला. म्हणाला, "सर, बाबा मला इंटरमीजिएटच्या परीक्षेला बसू देत नाहीत. तुम्ही एकदा घरी येऊन बोलाल का?" घर शाळेपासून दहा मिनिटांवर. मी म्हटलं, "बघू, येतो." त्या आठवड्यात पेपर होते, मग घरात पाहुणे होते, मग फॉर्मची तारीख निघून गेली. मी गेलो नाही. त्याने पुन्हा विचारलंही नाही.

मध्यंतरी एका लग्नात तो भेटला. नोकरी चांगली आहे, दोन मुलं आहेत, सगळं छान आहे. वाकून नमस्कार केला. मी विचारलं, "चित्रं काढतोस की नाही?" तो हसून म्हणाला, "नाही सर. शेवटची काढली ती तुमच्याच वर्गात." त्याच्या बोलण्यात राग अजिबात नव्हता. मला जेवण गेलं नाही.

असो. बक्षिसांकडे वळू. पहिलं बक्षीस मी 'सी' विंगमधल्या, तिसरीतल्या मुलीला दिलं आहे. काही पालकांच्या भुवया वर गेल्या ते मला इथून दिसतंय. तिने डोंगर काढलेले नाहीत. तिने त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं ते काढलं आहे: ग्रिल, ग्रिलमध्ये तुळशीची कुंडी, पलीकडे 'डी' विंगचे पाइप, आणि पाइपावर बसलेलं कबूतर. कबूतर जरा कोंबडीसारखं झालंय, पण ते बरोबर त्याच पाइपावर बसतं. मी स्वतः जाऊन खात्री केली. तिच्या आईने मला सांगितलं, "सर, मी तिला म्हटलं होतं, नीट डोंगर काढ, ऐकलं नाही तिने." वहिनी, बरं झालं.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला ज्यांना यायचंय त्यांनी गेटजवळ जमायचं. एक फळी किंवा जुना पुठ्ठा, कागद, असतील ते रंग, पाण्याची बाटली. खोडरबर आणायचा नाही. मोबाइलमधला फोटो बघून काढायचं नाही. गुलमोहरापासून सुरुवात करू. त्याच्याखाली स्कूटर लावणाऱ्यांनी त्या दिवशी जरा सहकार्य करावं, किंवा स्कूटरही चित्रात येईल, आमची हरकत नाही. पाऊस असला तर गच्चीवर टाक्यांच्या आडोशाला बसू. किल्ली सेक्रेटरींकडे आहे.

आणि पालकांना एक सूचना. स्पर्धेतली तीन-चार चित्रं बघून मला त्या मुलांच्या घरच्यांशी बोलायचं आहे. कुठली ते इथे सांगत नाही. माझा गुडघा दुखतो आणि 'बी' विंगची लिफ्ट कधी चालू तर कधी बंद, पण या आठवड्यात संध्याकाळी मी त्या घरांची बेल वाजवणार आहे. चहा टाकलात तर घेईन, बिनसाखरेचा.